आरोग्य प्रश्नोत्तरे : अपस्मार आणि घराशेतातले अपघात

अपस्माराविषयी, म्हणजे फिट किंवा आकडी येण्याच्या विकाराविषयी, या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतून आली आहेत; मात्र त्यांत ज्यांच्याबद्दल लिहिले आहे ते रुग्ण बहुतांशी शहापूर, मुरबाड, भिवंडी या तालुक्यांतील गावांत आणि पाड्यांवर राहणारे आहेत. कोणते औषध घ्यावे यापेक्षा भाजणे, बुडणे आणि पडणे यांची धास्ती या पत्रांत अधिक दिसते आणि ती रास्त आहे, म्हणून या वेळी त्याच विषयावरचे प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी धाकटी जाऊ शहापूर तालुक्यातील आमच्या गावी राहते. लग्नाआधीपासून तिला फिट येतात, पण हे आम्हाला लग्नानंतर बऱ्याच काळाने कळले. गेल्या हिवाळ्यात पहाटे चुलीवर पाणी तापवताना तिला फिट आली आणि उजवा हात निखाऱ्यांत राहून मनगटापर्यंत भाजला. आता सासूबाई म्हणतात की तिने चुलीपाशी फिरकायचेच नाही, आणि धाकटे दीर म्हणतात की माहेरी पाठवून द्यावे. मी इकडून काय करू शकते?
— एक गृहिणी, कोपरखैरणे

उत्तर : ताई, फिट पहाटे आली ही गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, पण उपचाराच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. काही प्रकारच्या अपस्मारात झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत फिट येण्याकडे कल असतो, आणि आदल्या रात्री जागरण झाले असेल तर तो आणखी वाढतो. अशा व्यक्तीच्या हातांना सकाळच्या वेळी मधूनमधून बारीक हिसके बसतात, हातातला कप किंवा फुंकणी उडून पडते, आणि घरातील माणसे त्याला धांदरटपणा म्हणून मोकळी होतात. गावाकडे घरात सर्वांत आधी उठून चूल पेटवणारी बहुधा सूनच असते. म्हणजे फिट येण्याची शक्यता ज्या वेळी सर्वाधिक, नेमक्या त्याच वेळी ती एकटी विस्तवासमोर बसलेली असते. असे हिसके बसतात का, हे जाऊबाईंना विचारा आणि बसत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण फिटवरची काही नेहमीची औषधे या प्रकारात हिसके वाढवतात. सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध येथे गुणकारी असले, तरी गर्भावरील दुष्परिणामांमुळे मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते शक्यतो दिले जात नाही. त्यामुळे औषधाची निवड मेंदूविकारतज्ज्ञानेच करावी.

फिटमध्ये झालेल्या भाजण्याच्या जखमा नेहमीपेक्षा खोल का असतात, हेही घरच्यांना समजावून सांगा. शुद्धीवर असलेला माणूस चटका बसताक्षणी हात मागे घेतो. फिटमध्ये ते होत नाही, आणि झटके थांबल्यानंतरही काही मिनिटे माणूस गुंगीत असतो, त्यामुळे हात किंवा चेहरा निखाऱ्यावर तसाच राहतो. जमिनीलगतची उघडी चूल, थंडीतली अंगणातली शेकोटी आणि न्हाणीसाठी उकळत ठेवलेले पाण्याचे पातेले ही तिन्ही ठिकाणे म्हणूनच सर्वांत धोक्याची.

सासूबाईंची भीती खरी आहे, पण त्यांचा उपाय मला पटत नाही. चुलीपासून दूर केलेल्या सुनेला घरात कोणी बसवून ठेवत नाही; तिच्या वाट्याला मग विहिरीवरून पाणी आणणे, नदीवर धुणे धुणे किंवा शेळ्या घेऊन रानात जाणे ही कामे येतात. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा आणि वैतरणा यांची धरणे आहेत, त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि तरीही तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायकांना विहिरीच्या तळाशी उतरून पाणी भरावे लागते. स्वयंपाकघरात निदान कोणी हाकेच्या अंतरावर असते, विहिरीवर तेही नसते. शिवाय बंदी घातली की फिट लपवल्या जातात, आणि लपवलेल्या फिटवर उपचार होत नाहीत.

त्याऐवजी कामांची वाटणी बदला. पहाटेची चूल दुसऱ्या कोणी पेटवावी आणि उकळते पाणी जाऊबाईंनी उचलू नये. भाजी चिरणे, पीठ मळणे, दळणकांडण, निवडणे-पाखडणे ही कामे त्यांनी निर्धास्तपणे करावीत. स्वयंपाक करायचाच असेल तर तो दिवसा उशिरा आणि घरात दुसरे मोठे माणूस असताना करावा. चुलीच्या तिन्ही बाजूंनी मातीची हातभर उंच भिंत घातली, तर तोल जाऊन पडलेला माणूस थेट निखाऱ्यांवर जात नाही. गॅस असेल तर मागच्या बाजूची शेगडी वापरावी आणि गरम भांडे ताटांपर्यंत नेण्याऐवजी ताटे भांड्यापाशी आणावीत. पॉलिएस्टर किंवा नायलॉनची साडी पेट घेते तेव्हा वितळून अंगाला चिकटते, म्हणून स्वयंपाक करताना सुती कपडे घालून पदर कमरेला खोचलेला असावा.

आता लग्नाविषयी. फिट लपवून लग्न झाले की सासरी गोळ्याही लपूनच घेतल्या जातात, आणि ज्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असते त्या दिवशी नेमकी गोळी चुकते. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार हा विवाहाच्या वैधतेआड येणारा मुद्दा होता, पण १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकण्यात आला, हे दिरांच्या कानावर घालावे. माहेरी पाठवल्याने फिट थांबत नाहीत. नियमित गोळीने मात्र बहुसंख्य रुग्णांच्या थांबतात.

तुम्ही कोपरखैरण्यात आहात, याचा मोठा उपयोग आहे. महिन्याच्या गोळ्या तुम्ही येथून घेऊन पाठवाव्यात, आणि पावसाळ्यात रस्ता बंद होण्याचा संभव असल्याने जूनआधी निदान पंधरा दिवसांचा जादा साठा घरात ठेवावा. भाजलेल्या हाताची कातडी आखडून बोटे वाकू लागली असतील तर वेळ दवडू नका. ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर तुमच्यापासून जवळ आहे, तिथे दाखवून घ्या. पुन्हा असा प्रसंग आलाच तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे आणि हळद, शाई, टूथपेस्ट किंवा बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

प्रश्न : अपस्माराच्या रुग्णांना विकसनशील देशांतील ग्रामीण भागात अधिक इजा होतात, असे आमच्या वर्गात सांगण्यात आले. विकार तोच असताना असे का व्हावे?
— समाजकार्याची विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : फिट येते तेव्हा माणूस कुठे आहे यावर इजा ठरते, आणि फिट किती वेळा येते हे उपचारावर ठरते. खेड्यात या दोन्ही बाबतींत पारडे रुग्णाच्या विरुद्ध झुकलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, त्यांपैकी जवळपास ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटमुक्त राहू शकतात. अपस्मार असलेल्यांना अकाली मृत्यूचा धोका इतरांच्या तिपटीपर्यंत असतो. बुडून मरण्याचा धोका तर सुमारे १५ ते १९ पट असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसून आले.

ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणले तर हे आकडे कळतात. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजला जातो आणि पेटत्या पालापाचोळ्याशेजारी माणसे तासन्तास वावरतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला लोक रात्री ओहोळात उतरतात. लावणीच्या वेळी दिवसभर गुडघाभर चिखलपाण्यात वाकून उभे राहावे लागते, आणि फिटमध्ये पालथ्या पडलेल्या माणसाला बुडायला वीतभर पाणीही पुरते. ताडावर, आंब्यावर चढणे, गवताच्या माळ्यावरून पेंढा काढणे आणि कठडा नसलेल्या विहिरीतून पोहरा ओढणे हे सगळे रोजचेच असते. शहरातील रुग्णाला रस्त्याचा आणि लोकलचा धोका असतो, पण उघडा विस्तव आणि उघडे पाणी यांच्याशी त्याची गाठ क्वचितच पडते.

इतरत्रही हेच चित्र आहे. ग्रामीण चीनमध्ये २००० नंतर गावपातळीवरील डॉक्टरांमार्फत फिनोबार्बिटोन हे फिटवरचे औषध देण्याचा मोठा प्रकल्प झाला. त्यातील रुग्णांच्या मृत्यूंची कारणे २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अपघाती इजा हे त्यांतील एक प्रमुख कारण निघाले. उत्तर युगांडात मान वारंवार खाली झुकण्याचा जो अपस्मारसदृश विकार मुलांत पसरला होता, त्यातील अनेक मुले भाजून आणि बुडून गेली. आफ्रिकेच्या काही भागांत तोंडातल्या फेसातून हा रोग लागतो असा समज असल्याने आगीत पडलेल्या रुग्णाला ओढून काढायलाही लोक कचरतात, अशा नोंदी आहेत. अपस्मार संसर्गाने पसरत नाही, हे आपल्या गावांतही अजून सांगावे लागते. तुम्ही प्रकल्प-अहवाल करणार असाल तर केवळ रुग्णांची संख्या मोजू नका. फिट आली तेव्हा रुग्ण कोणते काम करत होता आणि आदल्या आठवड्यात त्याच्याकडे गोळ्या होत्या का, हे दोन प्रश्न अवश्य विचारा.

प्रश्न : मी मुरबाड तालुक्यातील आश्रमशाळेत शिक्षक आहे. आठवीतील एका मुलाला महिन्यातून एखादी फिट येते. मुले अंघोळीला ओढ्यावर जातात. जबाबदारी नको म्हणून मुलाला घरी पाठवावे, असे मुख्याध्यापकांचे मत आहे. आपला सल्ला काय?
— एक शिक्षक, कल्याण

उत्तर : गुरुजी, मुलाला घरी पाठवल्याने शाळेची जबाबदारी संपेल, पण धोका कमी होणार नाही. घरी तो गुरांमागे जाईल, एकटाच ओढ्यात उतरेल, आणि आज वेळेवर गोळी देणारे जे एक ठिकाण त्याला आहे तेही सुटेल. वसतिगृहातील ठरलेली जेवणाची आणि झोपेची वेळ ही या विकारात निम्मी काळजी घेते, असे मी म्हणेन.

ओढ्यावरची अंघोळ मात्र त्याच्यासाठी बंदच करावी. शाळेच्या आवारात, बसून, तांब्याने अंगावर पाणी घेऊन त्याने अंघोळ करावी, दाराला आतून कडी लावू नये, आणि भरलेली मोठी बादली किंवा उघडा हौद शेजारी नसावा. फिट पूर्ण आटोक्यात आल्यानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली तर त्याला पोहता येईल. त्या वेळी त्याला पाण्याबाहेर ओढून आणण्याइतका पोहणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर असायलाच हवा, काठावर बसलेले शिक्षक पुरेसे नाहीत. पाण्यात फिट आलीच तर प्रथम त्याचे तोंड पाण्यावर धरावे, मग त्याला बाहेर काढावे, श्वास चालत नसेल तर लगेच कृत्रिम श्वास व छातीवर दाब देणे सुरू करावे. तो लगेच सावरला तरी रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनंतरही घात करू शकते.

दुमजली खाट असेल तर त्याची जागा खालची असावी. गोळीची वेळ वर्गशिक्षकांनी वहीत नोंदवावी. एखादी गोळी चुकली तर आठवताच द्यावी. मात्र पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम देऊ नयेत. खेळ बंद करू नका. कबड्डी, लंगडी, धावणे यांत धोका फारसा नाही, झाडावर चढण्यात आहे. आणि महिन्याला एक फिट येते याचा अर्थ औषध अपुरे पडते आहे किंवा चुकीचे आहे, हे पालकांना सांगून मुलाला पुन्हा तपासायला लावा. ओढ्याची काळजी घेण्याइतकेच हे निकडीचे आहे.

प्रश्न : आमच्या वीटभट्टीवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे येतात. त्यांतील एका तरुणाला कामावर असताना दोनदा फिट आली. तो कामाला चांगला आहे, त्याला काढावेसे वाटत नाही, पण भट्टीवर काही झाले तर काय, ही चिंता आहे. शिवाय दुसऱ्या फिटनंतर त्याचा उजवा खांदा वर उचलला जात नाही; मुकादम त्याला हाडवैद्याकडे नेणार आहे.
— एक भट्टीमालक, भिवंडी

उत्तर : आधी खांद्याचे पाहू. फिटमध्ये स्नायू इतक्या जोराने आवळले जातात की खांद्याचा सांधा मागच्या बाजूला निखळू शकतो आणि पाठीच्या मणक्यालाही चेप बसू शकते. खांदा असा मागे निखळलेला असेल तर तो वरून फारसा ओळखू येत नाही आणि एका बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रातही निसटतो. मुकादमाने मालिश करून घेण्याआधी त्याला सरकारी रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा आणि 'फिटनंतर दुखते आहे' असे स्पष्ट सांगा. फेनिटोइन किंवा फिनोबार्बिटोन ही फिटवरची औषधे बरीच वर्षे घेणाऱ्यांची हाडे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे ठिसूळ होऊ शकतात, तेही त्याच वेळी तपासून घेता येईल.

त्याला कामावरून काढू नये, असेच माझेही मत आहे. जमिनीवर बसून विटा थापणे, सुकलेल्या विटा उलटवणे, मोजणी ठेवणे ही कामे तो करू शकतो. भट्टी रचताना उंचावर चढणे, पेटलेल्या भट्टीवरून चालणे, कोळसा टाकणे, ट्रकवर उभे राहून माल भरणे आणि चिखलाच्या पाण्याच्या खड्ड्याशी एकट्याने काम करणे या गोष्टी त्याच्याकडे देऊ नयेत. हे ठरवताना मजुरी कमी होणार नाही याची काळजी घ्या. घेतलेली उचल फेडायची असताना मजुरी कमी झाली, तर तो फिट आल्याचे सांगणारच नाही.

स्थलांतर हेच बहुतेक वेळा या फिटचे मूळ असते. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या भट्टीवर येताना संपतात, नवीन ठिकाणी केसपेपर नसतो, आणि गोळी अचानक बंद झाली की एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात, ज्यात जीव जाऊ शकतो. त्याचा जुना केसपेपर किंवा गोळ्यांचे रिकामे पाकीट घेऊन तुमच्या माणसाने त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात एकदा नेऊन आणावे. या औषधांपैकी बरीच जुनी आणि स्वस्त आहेत. एका दिवसाच्या खाड्यापेक्षा महिन्याच्या गोळ्या त्याला क्वचितच महाग पडतील. तो दारू घेत असेल आणि ती सुटत नसेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये.

प्रश्न : तीन वर्षांपासून गोळ्या चालू आहेत, सहा महिन्यांत फिट नाही. घणसोलीहून गावी मोटारसायकलने गेलो तर चालेल का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : चालणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील, वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी भरायच्या नमुना १ च्या स्वयंघोषणेत अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असा थेट प्रश्न आहे, आणि तिथे खोटे लिहिणे हा तुमच्यापुरता प्रश्न राहत नाही, मागे बसलेल्याचा आणि रस्त्यावरच्यांचाही होतो. काही देशांत ठरावीक काळ फिट न आलेल्यांना परवाना मिळतो आणि आपल्याकडेही तसा विचार व्हावा असे मला वाटते, पण आजचा नियम तो नाही. एसटीने जा. लोकलने प्रवास करताना दारात उभे राहू नका आणि फलाटाच्या कडेपासून मागे थांबा.

प्रश्न : आमच्या गावी फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवतात, हातात चाव्या देतात आणि दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा घालतात. यातले काय योग्य?
— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : यांपैकी काहीही नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून कांद्याला आणि चाव्यांना श्रेय मिळते. चमचा मात्र निरुपद्रवी नाही. त्याने दात तुटतात, आणि तुटलेला दात श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ चावली गेली तर ती काही दिवसांत भरून येते.

रुग्णाला विस्तव, पाणी, यंत्र किंवा रस्ता यांपासून ओढून दूर करावे; तसा धोका नसेल तर जागेवरून हलवू नये. डोक्याखाली घडी घातलेले कापड ठेवावे, हातपाय दाबून धरू नयेत, घड्याळ पाहावे, आणि झटके थांबताच कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाते. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध येण्याआधी दुसरी सुरू झाली, डोक्याला मार लागला, भाजले, पाण्यात फिट आली, रुग्ण गरोदर असेल किंवा ही आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पाड्यापर्यंत गाडी येत नसेल तर रुग्णाला कुशीवर ठेवूनच डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे. तो पूर्ण शुद्धीवर येऊन स्वतःचे नाव नीट सांगेपर्यंत पाणी, चहा किंवा गोळी यांपैकी काहीही तोंडात घालू नये.